मुखदर्शन आणि पदस्पर्श

पंढरपुरास विठ्ठलाचे दर्शन दोन तऱ्हांनी घेता येते, हे वारकऱ्याला सांगावयास नको. ज्याला वेळ नाही, ज्याचे पाय थकले आहेत, किंवा ज्याच्या गाडीचा भोंगा बाहेर वाजतो आहे, तो मुखदर्शन घेऊन परततो. आणि ज्याला खरोखरीच भेटावयाचे असते तो तासन्‌तास रांगेत उभा राहून पदस्पर्श करतो. मुखदर्शनाला कोणी खोटे म्हणत नाही. पण घरी परत आल्यावर म्हातारी पहिल्याने विचारते ते हेच, की पायांवर डोके ठेवायला मिळाले का? 'दर्शन' हा शब्द आपण डोळ्यांपासून घेतला खरा. त्याची तृप्ती मात्र हातांवर आणि कपाळावर सोपवून दिली.

हे आठवण्याचे कारण असे, की आपली वस्तुसंग्रहालये ही सारी मुखदर्शनाची देवळे आहेत. भायखळ्याचे संग्रहालय, ज्याला आज डॉ. भाऊ दाजी लाड यांचे नाव आहे, ते १८७२ साली लोकांसाठी उघडले. मुंबईचे दुसरे मोठे संग्रहालय, आजचे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, १९२२ साली उघडले. तेव्हापासून आजपर्यंत आपल्या इकडच्या कोणत्याही संग्रहालयात शिरा, वस्तूच्या नावाआधी डोळ्यांत भरते ती 'हात लावू नये' ही पाटी. पाटी निष्कारण लावलेली नाही, हेही सांगितले पाहिजे. हाताच्या घामात क्षार असतात, तेलकटपणा असतो. पितळ त्याने काळवंडते, कापड आणि कागद तर लवकरच हाय खातात. दगडसुद्धा लाखो तळव्यांखाली गुळगुळीत होतो. आपल्या जुन्या देवळांच्या उंबऱ्यांकडे पाहिले की हे कळते. तेव्हा संग्रहालयाच्या रखवालदाराला खलपुरुष ठरवून टाळ्या मिळवण्याचा माझा विचार नाही.

दिवाळी अंकात, चकलीचा तुकडा मोडता मोडता वाचण्याच्या पानांत, संग्रहालयाची समीक्षा कशाला, असे एखाद्या वाचकाच्या मनात येईल. माझे म्हणणे असे, की संग्रहालय हेही एक पुस्तकच आहे. कोणी तरी वस्तू निवडल्या, कोणी तरी गाळल्या, त्यांचा क्रम लावला, खाली चार ओळी लिहिल्या. कादंबरीतल्या पात्रांवर आपण पाने पाने लिहितो. मग या पुस्तकाच्या लेखकाला कोणी जाब का विचारू नये? त्यातून हे पुस्तक ज्यांना मुळीच उघडता येत नाही, असे वाचक आपल्या घरात असतील तर तो विचारलाच पाहिजे. आणि ते आहेत. मधुमेहाने, काचबिंदूने ज्यांची नजर हळूहळू निघून चालली आहे असे आजोबा किंवा मावशी नाहीत, असे घर शोधूनच काढावे लागेल.

आधी पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयाकडे वळतो, कारण ते माझ्या विशेष प्रेमातले आहे. 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहिणाऱ्या दिनकर गंगाधर केळकरांनी गावोगाव हिंडून, अडगळीच्या खोल्या आणि जुने बाजार धुंडाळून वस्तू जमवल्या, गेलेल्या मुलाचे नाव संग्रहाला दिले, आणि १९७५ साली सारा ठेवा शासनाच्या स्वाधीन केला. राजेरजवाड्यांच्या तलवारींपेक्षा घरातल्या वस्तूंवर त्यांचा जीव. दिवे, कुलपे, फण्या, पाय घासण्याच्या वज्र्या, अडकित्ते! आता या यादीकडे जरा निरखून पाहावे. यातली एकही वस्तू नुसती बघण्यासाठी घडवलेली नाही. अडकित्ता घडवणाऱ्या कारागिराने त्याला राघूचा आकार दिला असेल, पण तो राघू मुठीत बसावा, सुपारी फुटताना बोटाला चिमटा बसू नये, याचा विचार त्याने आधी केला असणार. वज्री तळपायासाठी, फणी डोक्यासाठी, कुलूप किल्लीच्या खटक्यासाठी. या वस्तूंचा अर्थ त्यांच्या वजनात, तोलात आणि आवाजात आहे. काचेआड ठेवला की अडकित्त्याचे चित्र उरते, अडकित्ता उरत नाही. काचेपुढे डोळसही अर्धा आंधळाच होतो. फरक एवढाच, की त्याचे त्याला कळत नाही.

ज्याला कळते त्याच्याबरोबर संग्रहालय पाहणे हा वेगळाच प्रकार असतो. आमच्या मंचरात एक पेटीमास्तर आहेत. भजनी मंडळात चाळीस वर्षे साथ केली, काचबिंदूने पन्नाशीत डोळे गेले. त्यांच्याकडे घोडेगावच्या बाजूची एक मुलगी पेटी शिकायला येत असे. ती जन्मांध, आता पुण्यास कॉलेजात आहे. एका संग्रहालयात अंधांसाठी खास दालन उघडल्याची बातमी आली तेव्हा आम्ही तिघे एस. टी.ने गेलो. संग्रहालयाचे नाव सांगण्याचे कारण नाही. दोष एकाचा नाही, रीतीचा आहे.

दालन म्हणजे जिन्याखालचा एक कोपरा होता. महिषासुरमर्दिनीची वीतभर प्रतिकृती, प्लास्टरची, वर गुळगुळीत तेलरंग. शेजारी भिंतीवर ब्रेलची पट्टी. पट्टी बसवली होती डोळ्यांच्या उंचीवर, म्हणजे वाचणाऱ्याने हात खांद्याच्या वर धरून, मनगट उलटे मोडून वाचावे. ब्रेल वाचताना तळहात टेकतो, बोट सपाट सरकते. त्याला पट्टी कमरेच्या जरा वर आणि उतरती हवी, शाळेतल्या बाकासारखी. मुलीने कशीबशी वाचली : महिषासुरमर्दिनी, बारावे शतक, पाषाण. मग प्रतिकृतीवरून दोन्ही हात फिरवले आणि अगदी निरागसपणे विचारले, "काका, हा खेकडा आहे का?"

हसू आले, पण तिचे काही चुकले नव्हते. वीतभर मूर्तीत आठ हात, आठ आयुधे, सिंह आणि रेडा कोंबल्यावर बोटाला नांग्याच लागणार. डोळ्याला लहान चित्रात मोठी मूर्ती दिसते, कारण त्याला चित्रे वाचण्याची सवय असते. बोटाला वीतभर वस्तू वीतभरच लागते. मास्तर मात्र दुसऱ्याच गोष्टीवर अडले होते. "पाषाण म्हणते ना पट्टी? मग हे काय लागतंय हाताला? माझ्या पेटीच्या रंगासारखं." ती पट्टी डोळसांच्या पाटीची जशीच्या तशी नक्कल होती. वरच्या मजल्यावर खऱ्या मूर्तीखाली ते वाक्य खरे होते. इथे, बोटाखाली, धडधडीत खोटे. दगड थंड असतो, त्याला कण असतो, छिन्नीचे दात असतात. अंध माणसाला हेच तर वाचावयाचे होते, आणि नेमके तेच रंगाखाली दडपून टाकले होते.

उद्घाटनाला दोन अंध विद्यार्थ्यांना पुष्पगुच्छ दिले होते, असे तिथल्या गृहस्थांनी अभिमानाने सांगितले. कोपरा तयार होत असताना कोणाला बोलावले होते का, या प्रश्नावर ते म्हणाले, "तज्ज्ञांकडून करून घेतलंय." इथेच सारे आले. ज्याच्या बोटांसाठी हे करावयाचे, तो या विषयातला पहिला तज्ज्ञ. त्याला आपण बोलावतो ते नारळ फुटल्यावर. घर बांधून झाल्यावर सुनेला विचारावे, चूल कुठे हवी होती ग, त्यातला हा प्रकार.

हत्ती आणि आंधळे ही गोष्ट आपण मुलांना सांगतो. पंडितांनी तर तिचा 'अंधगजन्याय' करून ठेवला. कोणी सोंड धरून साप म्हणतो, कोणी पाय धरून खांब. मला या गोष्टीचा अलीकडे राग येऊ लागला आहे. ती कोणा डोळसाने रचली असावी यात मला शंका नाही. आंधळ्या माणसाला हत्तीभोवती फिरू दिले, वर चढू दिले, माहुताला चार प्रश्न विचारू दिले, तर तो हत्ती ओळखणार नाही काय? त्या बिचाऱ्यांना प्रत्येकी एकच अवयव देऊन पुढे ढकलले, आणि अपुरेपणाचा दोष त्यांच्या माथी मारला. आपले संग्रहालयाचे कोपरे हेच करतात. एक लहान प्रतिकृती, दोन मिनिटे, आणि 'चला, पुढे चला'. स्पर्श तुकड्यातुकड्याने वाचतो, आणि ते तुकडे मनात जुळवायला वेळ लागतो. शंभर वस्तूंचे दालन डोळ्यांनी तासाभरात होते; हातांनी तेवढ्या वेळात सहा झाल्या तरी पुष्कळ. तेव्हा अंधांसाठी संग्रहालय करणे म्हणजे डोळसांचेच संग्रहालय ब्रेलमध्ये उतरवणे नव्हे. तिथे निवडच वेगळी करावी लागते.

बाहेरच्या जगात हा विचार आजचा नाही. इंग्लंडातल्या संडरलंड गावच्या संग्रहालयाचे प्रमुख चार्ल्टन डीस यांनी १९१३ साली अंध मुलांना आणि मोठ्यांना आत बोलावले, आणि पेंढा भरलेले प्राणी, हाडांचे सापळे त्यांच्या हातांखाली दिले. पुढे त्यातल्या मुलांनी, हातांनी जे पाहिले ते मातीतून घडवूनही दाखवले. मला यातले महत्त्वाचे वाटते ते शेवटचे : अंधाने नुसते घ्यावयाचे नाही, परत द्यावयाचेही. इटलीत अँकोना येथे १९९३ साली ओमेरो संग्रहालय निघाले. त्याचे संस्थापक आल्दो ग्रासिनी आणि त्यांच्या पत्नी डॅनिएला बोत्तेगोनी, दोघेही अंध, दोघांनाही प्रवासाचा छंद, आणि जागोजागच्या संग्रहालयांत 'हात लावू नका' हे ऐकून दोघेही विटलेले. त्यांनी आपल्या मनाला विचारूनच संग्रहालय केले, म्हणून तिथे वीतभर बाहुल्या नाहीत. प्रसिद्ध शिल्पांच्या मूळ आकाराच्या प्रतिकृती आहेत, मोठमोठ्या इमारतींचे नमुने आहेत, आणि काही मूळ शिल्पेही आहेत. शिवाय दरवाजा सर्वांना एकच. डोळसही तिथे हातांनीच पाहतात.

आपल्याकडे दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात 'अनुभव' नावाचे स्पर्शदालन आहे. २२ निवडक वस्तूंच्या प्रतिकृती, ब्रेलमधील मजकूर, कानाला लावून ऐकण्याची माहिती असा त्याचा थाट, आणि अपंगांसाठी काम करणाऱ्या संस्थांचा त्याच्या उभारणीत हात होता, ही विशेष गोष्ट. त्याचे श्रेय मी मोकळ्या मनाने देतो. तरी एक शंका उरते. वेगळे दालन केले की कुटुंब दाराशीच फुटते. बाबा आणि मुले एकीकडे, आजोबा दुसरीकडे, आणि बाहेर चहाच्या टपरीवर भेट. माणूस संग्रहालयात जातो तो वस्तू पाहण्यासाठी जितका, तितकाच सोबतच्या माणसाला 'हे बघ' म्हणण्यासाठी. आजोबांना 'हे बघ' म्हणणारा नातू आणि नातवाला 'इथं हात लावून बघ' म्हणणारे आजोबा एकाच टेबलाशी उभे राहतील, अशी मांडणी मला अधिक मोलाची वाटते. मूळ वस्तू काचेत असो, तिची हाताळायची जोड तिच्याच शेजारी असावी. वेगळ्या खोलीचे सोवळे कशाला?

कायद्याची बाजूही लंगडी नाही. २०१६ च्या दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या अधिनियमात सांस्कृतिक जीवनावर एक स्वतंत्र कलम, २९ वे, आहे. त्यात कला दिव्यांगांना सुलभ करावी असे तर आहेच, पण दिव्यांगांच्या स्वतःच्या इतिहासाचे संग्रहालय उभारावे असेही म्हटले आहे. हे वाक्य वाचून मी थबकलो होतो. आपल्याकडे त्या इतिहासाला सामग्री काय थोडी आहे? प्रज्ञाचक्षू गुलाबराव महाराज अगदी तान्हेपणी दृष्टी गेलेली असताना, दुसऱ्यांकडून ग्रंथ वाचवून घेऊन, जेमतेम चौतिशीच्या आयुष्यात केवढी ग्रंथरचना करून गेले! पुण्याची अंधशाळा १९३४ ची, मुंबईची राष्ट्रीय अंधजन संस्था १९५२ ची. मराठीत 'स्पर्शज्ञान' हे ब्रेल पाक्षिक स्वागत थोरातांनी २००८ साली सुरू केले. त्याच थोरातांनी अंध कलावंतांना घेऊन 'तीन पैशाचा तमाशा' रंगमंचावर उभा केला. ज्यांनी अवघे नाटक, त्यातल्या हालचालींसह, अंतर मोजून, आवाजाच्या अंदाजाने पार पाडले, त्यांना एका दालनाची मांडणी कशी असावी हे विचारता येत नाही काय? माणसांची वाण नाही. निरोप धाडणाऱ्यांची आहे.

'अंध' म्हटले की एकच माणूस डोळ्यांपुढे आणण्याची आपली खोड आहे, तीही मोडली पाहिजे. बहुतेकांना थोडेफार दिसत असते. त्यांना ब्रेलपेक्षा मोठी, ठळक, काळ्यावर पांढरी अक्षरे हवीत, आणि काचेवर दिवा चमकायला नको. म्हातारपणी ज्यांची नजर गेली त्यांतले फार थोडे ब्रेल शिकतात. आमचे मास्तर शिकले नाहीत. त्यांना हवा असतो बोलणारा माणूस. आणि जन्मांधाची गोष्ट आणखी निराळी. त्या दिवशी परतताना एस. टी.त मास्तरांचा आणि त्या मुलीचा नारायणगावापर्यंत वाद चालला होता, कारण गाडी आम्हांला मंचरला उतरवायची विसरून पुढे घेऊन गेली तरी त्यांना पत्ता नव्हता. मास्तरांचे म्हणणे, मूर्तीचा, शालूचा, चित्राचा रंग सांगितलाच पाहिजे. त्यांना रंग आठवतात, आणि आठवण सुकून जाऊ नये अशी त्यांची धडपड. मुलगी म्हणाली, "मास्तर, रंग तुमचा. मला वजन सांगा, गार आहे का ऊन ते सांगा." दोघेही बरोबर होते. म्हणून एका अंधाला विचारून 'अंधांचे मत घेतले' असे लिहू नये. डोळस दोघांना विचारल्यावर तीन मते निघतात, मग इथेच एकमत का मागावे?

आता थोडे आमच्या मुलुखाविषयी, कारण हे सारे माझ्या मनात घोळू लागले ते इथल्या डोंगरांमुळे. जुन्नरभोवतीच्या टेकड्यांत दोनशेंच्या वर लेणी आहेत, आणि २०१८ साली सरकारने जुन्नर हा पर्यटन तालुका म्हणून जाहीर केला. म्हणजे आज ना उद्या इथे माहितीकेंद्रे, दालने, नमुने उभे राहणार. ते जिन्याखालच्या कोपऱ्यासारखे होऊ नयेत. वास्तविक हा सारा प्रदेश डोळ्यांपेक्षा इतर इंद्रियांशी अधिक बोलतो. लेण्याद्रीच्या तीनशेच्या आसपास पायऱ्या मास्तर माझ्यापेक्षा सहज चढले. गिरिजात्मजाच्या लेण्यात शिरल्यावर त्यांनी एक टाळी वाजवली, थांबले, आणि म्हणाले, "मध्ये खांब नाही." खरोखरच नाही. सत्तावन्न फूट लांब, एकावन्न फूट रुंद असा तो सभामंडप खडकात एकही खांब न ठेवता खोदला आहे. डोळस भक्त गर्दीत गणपतीकडे बघत पुढे सरकतो आणि माथ्यावरचे हे धाडस त्याच्या लक्षातही येत नाही. मग शेजारच्या चैत्यगृहात दुसरी टाळी. तिथे खांबांच्या रांगा आहेत, वर कमान आहे, आणि नाद गोल होऊन परत येतो. या दोन टाळ्यांत जे शिल्पशास्त्र मला कळले ते पाट्या वाचून कळले नव्हते. लेण्यांच्या माहितीफलकावर 'येथे टाळी वाजवून ऐका' असे कोणी लिहील काय?

नाणेघाटाची गोष्ट तर याहून विलक्षण. नागनिकेचा शिलालेख सर्वांना ठाऊक असतो. पण त्याच लेण्यात सातवाहन घराण्यातल्या व्यक्तींच्या मूर्ती होत्या. त्या जवळजवळ सगळ्या नाहीशा झाल्या, आणि माथ्यावर कोरलेली त्यांची नावे तेवढी राहिली. सिमुक, नागनिका, सातकर्णी, कुमार भाय. नाव आहे आणि खाली माणूस नाही. तिथे उभे राहिले की सर्वांनाच मनाने मूर्ती घडवावी लागते. डोळसाचा वरचष्मा तिथे चालत नाही. आणि घाटमाथ्यावरचा तो दगडी रांजण, जकातीच्या नाण्यांचा म्हणतात तो, त्याला येणारा जाणारा प्रत्येकजण आपसूक हात लावतो. तिथे कोणाला शिकवावे लागत नाही.

जाता जाता खोडदचीही आठवण काढतो, विषय थोडा सुटला तरी. नारायणगावाजवळच्या त्या रेडिओ दुर्बिणीच्या ३० तबकड्या, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाची, आकाशातून जे टिपतात ते कोणाही माणसाच्या डोळ्यांना दिसणारे नसतेच. त्या लहरींची रंगीत चित्रे शास्त्रज्ञ मागाहून करतात, आपल्या सोयीसाठी. मग त्यांचे नाद का करू नयेत? पोर्तो रिकोच्या वांडा दियाझ मर्सेड यांची दृष्टी शिकत असतानाच गेली, आणि त्यांनी आकाशातली मोजमापे आवाजात उतरवून, कानांनी ऐकून संशोधन चालू ठेवले. खोडदला दरवर्षी विज्ञानदिनाला मोठी जत्रा भरते, शाळांच्या शाळा लोटतात. तिथे असे एखादे ऐकण्याचे दालन झाले तर मास्तरांना घेऊन पहिल्या दिवशी जाईन.

एवढे बोलल्यावर करून दाखवणे भागच होते. गेल्या वर्षी नाताळच्या सुटीत मंचरातल्या एका शाळेची खोली तीन दिवसांपुरती मिळाली. तरुण शिक्षकमंडळींनी हौसेने चाळीस वस्तूंची यादी केली. मास्तर आणि ती मुलगी यांनी ती ऐकली, आणि चाळिसाच्या नऊ केल्या. तलवार गेली, धार बोथट केली तर ती तलवार नव्हे, आणि न केली तर पोरे कापून घेतील. जुने फोटो गेले. राहिले ते जाते, अडकित्ता, जुने कुलूप किल्लीसह, बैलांची घुंगरमाळ, तमाशाच्या मुलुखातले म्हणून तुणतुणे, आणि धान्याची मापे. मापांखाली कोष्टक लावावे असे एकाने सुचवले : दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. मुलगी म्हणाली, "कोष्टक नको, बाजरी ठेवा." म्हणून घंगाळभर बाजरी ठेवली. चिपट्याने मापटे भरायचे, मापट्याने शेर. पहिल्या चिपट्याचा आवाज पोकळ येतो, दुसऱ्याचा भरीव, आणि माप शिगेला आले की बाजरी बोटांना सांगते. मेट्रिक मापे येऊन साठ वर्षे उलटली. जी पोरे शेर-पायलीला केवळ म्हणीतले शब्द समजत होती ती सारी त्या घंगाळाला चिकटून बसली, डोळस पोरेच जास्त. बाजरी खोलीभर झाली, शिपाईमामा कातावले. नव्वदीची एक आजी मात्र पायलीच्या काठावरून बोट फिरवत कितीतरी वेळ उभी होती, आणि तिच्या तोंडून खळ्याच्या, बलुत्याच्या, सासऱ्याच्या कंजूषपणाच्या ज्या गोष्टी निघाल्या त्या कोणत्याही पट्टीवर मावल्या नसत्या.

भांडणेही झाली. तुणतुण्याची तार पोरे तोडणार म्हणून शिक्षकांनी ते उंच टांगले होते. मास्तरांनी ते खाली घ्यायला लावले आणि दोन जादा तारा खिशात घेऊन तिन्ही दिवस शेजारी बसून राहिले. तार एकच तुटली. जात्याचे निराळेच. मुलीचे म्हणणे होते की जाते ओट्यावर नको, जमिनीवर हवे, कारण बसल्याशिवाय खांद्याला काय होते ते कळत नाही. एका गृहस्थांना हे स्त्रियांना कमीपणा आणणारे वाटले. त्यांच्याच पत्नीने खाली बसून चार वेढे फिरवले आणि त्यांना शेजारी बसवले. पुढे वाद राहिला नाही.

नववी वस्तू म्हणजे नाणेघाटाची नाळ, दोन हात उंच, मातीची. ती आमच्याकडच्या एका कुंभारकाकांनी घडवली. त्यांनी कडे, पायऱ्या, मधली खिंड सारे फार मायेने केले, वर रांजणही ठेवला. मुलीने खालपासून वरपर्यंत दोन्ही हातांनी घाट चाचपला, रांजणापाशी थांबली आणि म्हणाली, "पण माणूस केवढा? माणसाशिवाय मला घाट किती मोठा ते कसं कळणार?" कुंभारकाकांनी एक करंगळीएवढा बैलवाला करून खिंडीत उभा केला. तिने तो हाताळला, मग रांजण हाताळला, आणि दोन्हींचे माप जुळत नाही म्हणून सांगितले. मग बसून हिशेब केला. त्या मापाने माणूस तांदळाच्या दाण्याएवढा निघाला, आणि रांजण तर त्याहूनही लहान, बोटाला न लागणारा. म्हणून रांजण वेगळा, हातात धरण्यासारखा करून शेजारी ठेवला, आणि खिंडीच्या तोंडाशी तांदळाचा एक दाणा उभा चिकटवला. मुलीने बोटाच्या टोकाने तो दाणा शोधला. मग तिथून बोट उचलून कड्यावरून सावकाश वर नेले, फार सावकाश, आणि माथ्याशी पोहोचल्यावर विचारले, "एवढ्या उंचावर ती राणी आली कशी? चालत?"

इतिहासाच्या शिक्षकांनी डोके खाजवले. तो दाणा पुढे प्रत्येकाच्या बोटाखालून निसटू लागला. पहिल्याच दिवशी सात वेळा लावावा लागला, कारण खळ टिकेना. दुसऱ्या दिवशी सकाळी कुंभारकाका डिंकाची वाटी आणि मूठभर आंबेमोहोर घेऊन शाळा उघडण्याच्या आधी दारात उभे होते.